'एव्हरीवन इज' की 'एव्हरीवन आर'? इंग्रजीतल्या अनिश्चित सर्वनामांबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मराठी मीडियममधून शिकलेल्या मुलांना, नोकरी करणाऱ्यांना आणि काही आयांना मी इंग्रजी शिकवते. वय वेगळं, कामं वेगळी, पण या एका टॉपिकवर सगळे तेच अडखळतात आणि तेच प्रश्न विचारतात. ते प्रश्न इथे एकत्र लिहिलेत, जसे येतात तसे, त्यामुळे क्रमाचं फार मनावर घेऊ नका, तुमचा प्रश्न शोधा आणि तिथून वाचा. फक्त दुसरा प्रश्न कोणीही सोडू नका, कारण निम्म्या चुकांचं मूळ तिथे आहे.

अनिश्चित सर्वनाम म्हणजे नक्की काय?

दाराची बेल वाजली, कोण आहे माहीत नाही, तर आपण म्हणतो "कोणीतरी आलंय". हा 'कोणीतरी' म्हणजे अनिश्चित सर्वनाम. नाव घेतलेलं नाही, बोट दाखवलेलं नाही, पण माणूस आहे. मराठीत कोणी, कोणीतरी, काही, काहीतरी, प्रत्येकजण. इंग्रजीत समवन, समबडी, समथिंग, एनीवन, एव्हरीवन, नोबडी, नथिंग, ईच, आयदर, नायदर, बोथ, फ्यू, मेनी, सेव्हरल, ऑल, सम, मोस्ट, नन वगैरे. यादी पाठ करायची गरज नाही. अडचण यांच्या अर्थाची नाहीच, अडचण पुढे क्रियापद एकवचनी लावायचं की अनेकवचनी याची आहे, ज्याला इंग्रजी व्याकरणात ॲग्रीमेंट म्हणतात.

'एव्हरीवन' म्हणजे सगळे ना? मग 'एव्हरीवन आर' का नाही?

हाच तो प्रश्न. आपल्या डोक्यात आधी मराठी वाक्य तयार होतं, "सगळे आलेत". 'सगळे' अनेकवचन, 'आलेत' अनेकवचन, मग इंग्रजीत उतरवताना कान आपोआप 'एव्हरीवन हॅव कम' असं म्हणतो, आणि चूक झाली हे कळतही नाही कारण मराठीच्या हिशोबाने ते अगदी बरोबर वाटतं.

गडबड अशी आहे की 'एव्हरीवन'चं भाषांतर 'सगळे' हे अर्थाने बरोबर असलं तरी व्याकरणाने बरोबर नाही. व्याकरणाने त्याचा खरा जोडीदार आहे 'प्रत्येकजण'. आता बघा, "प्रत्येकजण आलाय" म्हणताना तुम्ही कधी "प्रत्येकजण आलेत" म्हणता का? नाही. हॉलमध्ये पाचशे माणसं असली तरी 'प्रत्येकजण' एकवचनीच राहतो, कारण तो शब्द माणसं एकेक करून मोजतो. 'एव्हरीवन' अगदी तेच करतो. म्हणून 'एव्हरीवन हॅज कम', 'एव्हरीबडी इज हॅपी', 'एव्हरीथिंग लुक्स नाइस'.

लक्षात ठेवायला सोपं म्हणजे शब्दाचं शेपूट बघा. वन, बडी, थिंग. 'वन' म्हणजे एक. 'बडी' म्हणजे मुळात बॉडी, एक माणूस, बॉडीज नव्हे. 'थिंग' म्हणजे एक वस्तू, थिंग्ज नव्हे. शेपटीला ज्या शब्दाच्या यातलं काही आहे तो एकवचनी, सुरुवातीला सम असो, एनी असो, एव्हरी असो की नो. या एका गोष्टीत बारा शब्द निकालात निघतात.

आणि तुम्हाला 'सगळे'चा अनेकवचनी सूरच हवा असेल तर इंग्रजीत त्यासाठी 'ऑल' आहे. 'दे हॅव ऑल कम', 'ऑल ऑफ देम आर हियर'. मराठी मनाला हे वाक्य जास्त जवळचं वाटतं, ते वापरा की बिनधास्त.

'एव्हरीवन लाइक्स' मध्ये शेवटी 'स' लागलाय, म्हणजे अनेकवचन झालं ना?

नाही, आणि हा गोंधळ मी मोठमोठ्या डिग्रीवाल्यांमध्येही पाहिलाय. नामाला लागलेला 'स' अनेकवचन करतो, साध्या वर्तमानकाळात क्रियापदाला लागलेला 'स' एकवचन दाखवतो. 'द बॉय रन्स', 'द बॉइज रन'. जणू एकच 'स' आहे, तो एकतर नामाच्या घरी राहतो नाहीतर क्रियापदाच्या. अपवाद आहेत, पण सुरुवातीला एवढं पुरतं. 'एव्हरीवन' एकवचनी, म्हणून 'स' क्रियापदाकडे गेला.

'डज एनीवन हॅज अ पेन' बरोबर आहे का?

नाही. 'डज एनीवन हॅव अ पेन'. तो 'स' 'डू'ने घेतला आणि 'डज' झाला, आता मुख्य क्रियापद मोकळं. दोन्हीकडे लावायचा नाही. कॅन, शुड, मस्ट यांच्यानंतर पण तसंच, 'एव्हरीवन मस्ट हॅव अ तिकीट', हॅज नाही.

"कोणीच आलं नाही" हे इंग्रजीत कसं म्हणायचं? मी 'नोबडी डिडन्ट कम' म्हटलं तर सगळे हसले.

हसायला नको होतं, कारण ही चूक तुमची नाही, मराठीची सवय आहे. मराठीत 'कोणी' या शब्दात नकार नसतोच. नकाराचं काम 'नाही' करतं आणि ते वाक्याच्या शेवटी येतं. "कोणी आलं", "कोणी आलं नाही", शब्द तोच. म्हणजे आपल्याकडे नकार क्रियापदाच्या खिशात असतो. इंग्रजीत 'नोबडी'च्या स्वतःच्या खिशात नकार आहे, म्हणून क्रियापदाला परत नकार दिला की दोन नकार होतात. 'नोबडी केम'. संपलं. 'नथिंग हॅपन्ड'. 'नोबडी नोज'.

याचीच दुसरी बाजू म्हणजे "कोणीही आलं नाही" याचं शब्दशः 'एनीबडी डिड नॉट कम'. हेही चालत नाही. एनीबडी, एनीथिंग हे नकाराच्या वाक्यात नकाराच्या नंतर येतात, आधी नाही. 'आय डिडन्ट सी एनीबडी' छान, पण वाक्याची सुरुवातच करायची तर 'नोबडी'ने करा. मराठीत 'नाही' शेवटी येत असल्यामुळे आपला हात 'एनीबडी' आधी लिहून मोकळा होतो. हे एक वाक्य, 'नोबडी केम', दिवसातून पाचदा मोठ्याने म्हणा, आठवड्यात बसतं.

'वन ऑफ माय फ्रेंड' यात चूक काय आहे?

"माझा एक मित्र" यात मित्र एकच, म्हणून आपण फ्रेंड लिहितो. पण 'वन ऑफ' म्हणजे "च्यापैकी एक". पैकी म्हटलं की मागे घोळका हवाच, "माझ्या मित्रांपैकी एक", म्हणून फ्रेंड्स. आणि क्रियापद त्या एकाचं, घोळक्याचं नाही. 'वन ऑफ माय फ्रेंड्स लिव्ह्ज इन नाशिक'. दोन गोष्टी एकाच वाक्यात उलट्या दिशेने जातात म्हणून हे अवघड वाटतं, नाम अनेकवचनी, क्रियापद एकवचनी.

स्पर्धा परीक्षेत याचा एक मोठा भाऊ भेटतो. 'शी इज वन ऑफ द गर्ल्स हू हॅव पास्ड'. इथे 'हॅव' का? कारण 'हू' हा शब्द गर्ल्सबद्दल बोलतोय, पास झालेल्या मुली अनेक, त्यातली ही एक. मराठीत लावून बघा, "ज्या मुली पास झाल्या त्यांच्यापैकी ही एक". 'ज्या' आणि 'झाल्या' अनेकवचनी आहेत ना, तेच.

'ईच'चं काय? कधी 'हॅज' दिसतं, कधी 'हॅव'.

दोन्ही बरोबर, जागा बघा. 'ईच' स्वतः कर्ता असेल तर एकवचन, 'ईच ऑफ द बॉइज हॅज अ बॅट'. मध्ये 'ऑफ द बॉइज' आलं म्हणून फसायचं नाही, तो तुकडा बोटाने झाका आणि वाक्य वाचा, 'ईच हॅज अ बॅट'. पण 'द बॉइज ईच हॅव अ बॅट' यात कर्ता आहे बॉइज, 'ईच' नुसता मागून येऊन "प्रत्येकी" एवढंच सांगतोय, म्हणून हॅव. मराठीत पण "प्रत्येक मुलाकडे बॅट आहे" आणि "मुलांकडे प्रत्येकी एक बॅट आहे" यात तोच फरक.

'ईच' आणि 'एव्हरी' नामाच्या आधी आले तर नाम एकवचनी ठेवा. 'एव्हरी स्टुडंट', स्टुडंट्स नाही. 'एव्हरी' तर एवढा हट्टी आहे की दोन नामं 'अँड'ने जोडली तरी ऐकत नाही, 'एव्हरी मॅन अँड वुमन हॅज अ व्होट'. फक्त "दर दोन दिवसांनी" सारखी आकड्याची जागा वेगळी, तिथे 'एव्हरी टू डेज'.

'आयदर' आणि 'नायदर' एकवचनी की अनेकवचनी?

परीक्षेत आणि पत्रात एकवचनी. 'नायदर ऑफ द टू बसेस गोज टू दादर'. बोलताना इंग्रज आणि अमेरिकन माणसं पण सर्रास 'नायदर ऑफ देम आर' म्हणतात, त्यामुळे मुलाखतीत किंवा ऐकताना दचकू नका, पण लिहिताना एकवचन लिहा. हे दोन शब्द दोघांपुरते आहेत, दोनपेक्षा जास्त असतील तर 'एनी ऑफ' आणि 'नन ऑफ'.

आणि 'नायदर-नॉर'ची जोडी आली की नियम बदलतो, मग जो कर्ता क्रियापदाच्या जवळ बसलाय त्याचं ऐकायचं. 'नायदर द टीचर नॉर द स्टुडंट्स वेअर प्रेझेंट'. उलटं केलं तर 'नायदर द स्टुडंट्स नॉर द टीचर वॉज प्रेझेंट'. मराठीत "आई आणि बाबा आले", "दोन भाऊ आणि एक बहीण आली" असं आपण कधीकधी जवळच्या नामाप्रमाणे क्रियापद फिरवतोच, त्यामुळे हे इतकं परकं वाटायला नको.

कायम अनेकवचनी कोण?

बोथ, फ्यू, मेनी, सेव्हरल, अदर्स. यांच्यात कधी चूक होत नाही, पुढे जाऊ.

'ऑल', 'सम', 'मोस्ट' यांचं नक्की काय, एकदा इज एकदा आर?

हे रिकामी भांडी आहेत, आत काय ओतलंय ते बघा. मोजता येत नाही अशी गोष्ट असेल, दूध, पाणी, काम, पैसा, तर एकवचन. 'मोस्ट ऑफ द वर्क इज डन'. मोजता येणारे नग असतील तर अनेकवचन. 'मोस्ट ऑफ द वर्कर्स हॅव लेफ्ट'. टक्के पण तसेच, 'फिफ्टी पर्सेंट ऑफ द मिल्क इज', 'फिफ्टी पर्सेंट ऑफ द सीट्स आर'. म्हणजे वर 'ईच'च्या वेळी मी सांगितलं की 'ऑफ'चा तुकडा झाका, इथे नेमकं उलट, झाकायचा नाही, तिकडेच बघायचं. मुलांना इथे राग येतो आणि मला तो समजतो, पण कारण सरळ आहे. 'ईच'मध्ये 'एक' आधीच भरलेला आहे, 'मोस्ट'मध्ये स्वतःचं असं काही नाही. मराठीत "बरंचसं दूध" आणि "बरेचसे आंबे" म्हणताना आपण 'बरंचसं'चं रूप पुढचं नाम बघूनच ठरवतो, तेच डोकं इथे वापरा.

'ऑल इज वेल' आणि 'ऑल आर वेल' दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. पहिल्यात "सगळं ठीक आहे", दुसऱ्यात "सगळे बरे आहेत". सगळं आणि सगळे, मराठीने एका मात्रेत काम केलं.

'नन' कायम एकवचनी असतो असं शाळेत शिकवलं होतं. खरं का?

अर्धं. कारण असं सांगितलं जातं की 'नन' हा "एकही नाही" यातून आलाय, आणि ते खरं आहे, जुन्या इंग्रजीतला 'नाही' आणि 'एक' जोडून तो शब्द बनला. पण त्याच जुन्या इंग्रजीपासून लोक त्याला अनेकवचनी पण वापरत आलेत. शब्दाचं मूळ एकवचनी असणं वेगळं आणि वापर वेगळा. 'नन ऑफ द मिल्क इज लेफ्ट' इथे पर्याय नाही, दूध आहे. 'नन ऑफ द स्टुडंट्स वॉज' आणि 'वेअर' दोन्ही चालतात. "एकसुद्धा नाही" असा जोर द्यायचा असेल तर 'नॉट वन ऑफ द स्टुडंट्स वॉज' लिहा, वादच मिटतो.

'एव्हरीवन शुड ब्रिंग हिज बुक' की 'देअर बुक'? एकवचनाला 'देअर' कसं चालेल?

हा माझा आवडता प्रश्न आहे, जरा निवांत वाचा.

आधी हे बघा की हा प्रॉब्लेम मराठीत का येत नाही. "प्रत्येकाने आपापलं पुस्तक आणावं." 'आपापलं'मध्ये आणणारा मुलगा की मुलगी हे कळतच नाही, ते रूप पुस्तकाच्या लिंगाप्रमाणे चालतं, पुस्तक असेल तर आपापलं, वही असेल तर आपापली, डबा असेल तर आपापला. आणि दारात कोण आलंय माहीत नसेल तर आपण नपुंसकलिंग वापरतो, "कोणीतरी आलंय". इतकी सुंदर सोय आपल्याकडे आहे आणि रोज वापरूनही आपल्याला तिची जाणीव नसते.

इंग्रजीला ही सोय नाही. तिथे 'हिज' म्हटलं की पुरुष, 'हर' म्हटलं की बाई, आणि 'इट' माणसाला लावत नाहीत. मग बोलणाऱ्यांनी फार पूर्वीच 'दे' आणि 'देअर' हाताशी धरलं. याची लिखित उदाहरणं १३७५ च्या आसपासपासून सापडतात, म्हणजे हे नवीन फॅड अजिबात नाही. उलट "अशा ठिकाणी 'ही'च लिहा, त्यात बायका धरल्या आहेत असं समजा" हा आग्रह अठराव्या शतकातल्या व्याकरणाच्या पुस्तकांतून पुढे आला. १८५० मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने कायदाच केला की कायद्याच्या भाषेत पुल्लिंगी शब्दात स्त्रिया धराव्यात. आपल्याकडे १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम १३ मध्ये तेच आहे आणि तो कायदा आजही लागू आहे, म्हणून सरकारी कागदात 'ही' आणि 'हिज' इतकं दिसतं.

आता वारं परत फिरलंय. अमेरिकेतल्या मेरियम-वेबस्टर डिक्शनरीने २०१९ चा वर्षाचा शब्द म्हणून 'दे' निवडला, आणि त्याच वर्षी अमेरिकन सायकोलॉजिकल असोसिएशनच्या लेखन-नियमांनी एकवचनी 'दे' वापरायला सांगितलं, जे नियम जगभरचे रिसर्च करणारे विद्यार्थी पाळतात.

आणि एकाच माणसाला अनेकवचन लावणं आपल्याला विचित्र वाटायचं कारणच नाही. "सर आले, ते म्हणाले", सर एकच आहेत ना? इंग्रजीतला 'यू' पण मुळात अनेकवचनी, एकट्या माणसासाठी आधी 'दाऊ' होता, तो गेला आणि 'यू' एकट्यालाही लागू झाला, पण 'आर' तसाच राहिला.

फक्त एक गोष्ट पक्की धरा. 'समवन'च्या शेजारचं क्रियापद एकवचनी, 'दे'च्या शेजारचं अनेकवचनी, दोघं एकाच माणसाबद्दल असले तरी. 'समवन इज ॲट द डोअर. दे आर वेटिंग.' क्रियापद शब्दाकडे बघतं.

मग परीक्षेत काय लिहू?

इथे मी आदर्श नाही, मार्क बघते. आधी पूर्ण वाक्यात क्रियापदाची चूक आहे का ते शोधा, 'एव्हरीवन हॅव' असं काही असेल तर तीच चूक, 'देअर'कडे बघायचीही गरज नाही. पर्यायांमध्ये 'हिज ऑर हर' असेल तर तो निवडा, त्याला कोणी चूक म्हणत नाही. 'हिज' आणि 'देअर' एवढे दोनच असतील तर त्या परीक्षेच्या जुन्या उत्तरतालिका काढून बघा, जुन्या वळणाच्या पेपरांमध्ये 'हिज' धरलेलं असतं. निबंध आणि पत्रात तर वाक्यच अनेकवचनी करून टाका, 'ऑल स्टुडंट्स मस्ट ब्रिंग देअर बुक्स', मग कोणाचंच बोट उठत नाही.

आणि हो, क्वेश्चन टॅगमध्ये, म्हणजे वाक्याच्या शेवटी जोडलेल्या "हो ना?" सारख्या छोट्या प्रश्नात, मात्र जुन्या पुस्तकांनीही 'दे'च मान्य केलाय. 'एव्हरीवन लाइक्स मँगोज, डोन्ट दे?' 'नोबडी कॉल्ड, डिड दे?' दुसऱ्यात 'नोबडी' नकारार्थी म्हणून टॅग होकारार्थी. वस्तू असेल तर 'इट', 'नथिंग हॅपन्ड, डिड इट?'

अर्थाने अनेक पण क्रियापद एकवचनी अशी अजून फसवी वाक्यं आहेत का?

तीन पाठ करा. 'मेनी अ स्टुडंट हॅज फेल्ड'. 'मोर दॅन वन स्टुडंट हॅज फेल्ड', म्हणजे किमान दोन तरी नापास, तरी हॅज, कारण शेजारी 'वन स्टुडंट' बसलाय. तिसरी जोडी, 'अ नंबर ऑफ स्टुडंट्स हॅव' म्हणजे बरेच विद्यार्थी, आणि 'द नंबर ऑफ स्टुडंट्स हॅज' म्हणजे विद्यार्थ्यांचा आकडा, आकडा एकच.

'एव्हरीवन' जोडून लिहायचं की तोडून?

माणसांबद्दल "प्रत्येकजण" असेल तर जोडून. पुढे 'ऑफ' आलं की तोडून, 'एव्हरी वन ऑफ द मँगोज वॉज रॉटन'. 'नो वन' कायम तोडून, 'नोबडी' कायम जोडून. याला लॉजिक शोधू नका.

सरावाला काही वाक्यं द्या ना.

मराठी देते, आधी स्वतः करा, मग पुढे वाचा.

"आमच्या घरात सगळ्यांना पुरणपोळी आवडते." 'एव्हरीवन इन माय फॅमिली लाइक्स पुरणपोळी.' सगळ्यांना ऐकून 'लाइक' लिहिलं असेल तर दुसऱ्या प्रश्नाकडे परत जा.

"स्टॉपवर कोणीच उतरलं नाही." 'नोबडी गॉट ऑफ ॲट द स्टॉप.' कुठेही 'नॉट' नाही.

"दोघींपैकी एकीलाही मराठी वाचता येत नाही." 'नायदर ऑफ देम रीड्स मराठी.' किंवा 'नायदर ऑफ देम कॅन रीड मराठी', 'कॅन' घेतलं की 'स'ची कटकट गेली.

"बरंचसं दूध नासलंय, पण बरेचसे आंबे चांगले आहेत." 'मोस्ट ऑफ द मिल्क हॅज गॉन बॅड, बट मोस्ट ऑफ द मँगोज आर गुड.'

"कोणाचा तरी चष्मा इथे राहिलाय." 'समवन हॅज लेफ्ट देअर ग्लासेस हियर.' चष्मा इंग्रजीत अनेकवचनी, पण तो कर्ता नाही, कर्ता समवन, म्हणून हॅज. आणि पुढचं वाक्य, "येतील न्यायला", 'दे विल कम बॅक फॉर देम'. यातला 'दे' म्हणजे तो विसरभोळा माणूस, आणि 'देम' म्हणजे चष्मा.